नांव आणि मोल



ठाण्याहून कल्याणकडे जातांना कळवा आणि मुंब्रा हीं स्थानकें मागें पडलीं म्हणजे जें स्थानक लागतें, त्याचें नांव दिवा. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे लोहमार्ग येथेंच मुख्य मार्गापासून वेगळे होतात. येथल्या माणसाचा दिवस फलाटावरील सूचनेनें उजाडतो आणि सूचनेनेंच मावळतो. त्या सूचनेंतला एक आंकडा बदलला, तर पुलावरचा सारा लोंढा एका जिन्याकडून दुसऱ्या जिन्याकडे वळतो. तेव्हां एका शब्दाच्या जागीं भलताच शब्द आला तर काय होतें, हें आम्हांला कोणी शिकवावें लागत नाहीं. तरीहि गेल्या पावसाळ्यांत अशाच एका शब्दानें मला जें शिकविलें, तें इतकीं वर्षें शाळेंत बीजगणित शिकवूनहि माझ्या ध्यानीं आलें नव्हतें. ती हकीकत आज सांगणार आहें.

माझी नात सातवीच्या वर्गांत होती. शाळेंतील प्रदर्शनासाठीं तिनें संगणकाच्या पडद्यावर एक लहानसें रेल्वेस्थानक उभें केलें. गाडी यावी, सिग्नल तांबड्याचा हिरवा व्हावा, आणि पडद्याच्या तळाशीं सूचना उमटावी, असा तो खेळ. ‘पुढील स्थानक कळवा’ असें उमटलें. ‘पुढील स्थानक मुंब्रा’ असेंहि उमटलें. त्यापुढची सूचना मात्र उमटली ती अशी: ‘पुढील स्थानक तांबडा.’

घरांत हंशा पिकला. ती मात्र रडकुंडीस आली. ‘आजोबा, मीं तीनदां तपासलें. यादींत दिवाच लिहिलें आहे. माझें चुकतें कोठें?’ मीं पडद्याकडे न पाहतांच उत्तर दिलें, ‘यंत्र कधीं चुकत नाहीं. नीट बघ, तुझेंच चुकलें असेल.’ मास्तरकीच्या संवयीचें तें उत्तर. तिनें तें खरें मानलें, केलेलें सारें पुसून टाकलें, आणि दोन संध्याकाळीं खपून तेंच स्थानक पुन्हां बांधलें. पुन्हां तेंच उमटलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, ‘आजोबा, मला हें कधीं जमणार नाहीं.’ तेव्हां कोठें मीं चष्मा लावला आणि तिच्या शेजारीं जाऊन बसलों.

हा खेळ कसा बांधतात, तें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणकाला आज्ञा द्यावयाच्या त्या सामान्यतः अक्षरांनीं लिहून द्याव्या लागतात, आणि त्यांत एखादें विरामचिन्ह चुकलें तरी काम अडतें. मुलांना हा जाच होऊं नये म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत मिचेल रेझ्निक ह्यांच्या गटानें ‘स्क्रॅच’ नांवाची प्रणाली रचिली व २००७ सालीं ती सर्वांना खुली केली. तिच्यांत प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रंगीत ठोकळा. ‘दहा पावलें चाल’ हा एक ठोकळा, ‘हें पुन्हां पुन्हां कर’ हा दुसरा. मुलानें ते पडद्यावर उचलून एकाखालीं एक जोडावयाचे. जो ठोकळा जेथें बसूं नये, तो तेथें बसतच नाहीं. ह्याच धर्तीच्या दुसऱ्याहि प्रणाली आज प्रचारांत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या टप्प्यांत अशा आज्ञालेखनाची ओळख करून देण्याचें ठरविलें आहे. त्यामुळें हा विषय केवळ हौशी मुलांपुरता राहिलेला नाहीं. माझ्या नातीची प्रणाली स्क्रॅच नव्हे, पण त्याच जातीची होती. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आपल्याला तिचा दोष समजून घ्यावयाचा आहे.

ह्या ठोकळ्यांत एका जातीच्या ठोकळ्यांना ‘चल’ म्हणतात. चल म्हणजे काय, हें जाणण्यास स्वयंपाकघरांतील फळीकडे पाहावें. डब्यावर चिठ्ठी असते आणि डब्यांत जिन्नस असतो. चिठ्ठी तीच राहते. आंतला जिन्नस संपतो, बदलतो, पुन्हां भरला जातो. चिठ्ठी हें नांव, आणि जिन्नस हें त्या नांवाचें त्या वेळचें मोल. ‘साखर आण’ असें म्हटलें म्हणजे कोणी चिठ्ठी फाडून आणीत नाहीं. चिठ्ठी वाचून आंतला जिन्नस आणतो. संगणकाचेंहि तसेंच. नातीनें असे दोन डबे केले होते. एकाचें नांव ‘थांबा’. त्यांत पुढच्या स्थानकाचें नांव यावयाचें, म्हणजे कधीं कळवा, कधीं मुंब्रा, कधीं दिवा. दुसरा डबा सिग्नलचा. सिग्नलला दिवा असतो, म्हणून तिनें त्या डब्याला नांव दिलें ‘दिवा’. त्यांत कधीं ‘तांबडा’, कधीं ‘हिरवा’. चतुर श्रोत्यांना चोराचा सुगावा एव्हांना लागला असेल.

नांवाच्या जागीं मोल ठेवण्याची क्रिया आपण सर्वांनीं शाळेंत केली आहे. क्ष ची किंमत ५ असतां क्ष अधिक ३ किती, असें विचारलें कीं आपण क्ष पुसून तेथें ५ मांडतों. आपल्या देशांत ही विद्या फार जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ मधला. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, व तो डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत पहिल्या अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलें आहे, आणि पुढील राशींना रंगांचीं नांवें दिलीं आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. मांडतांना त्यांचीं आद्याक्षरें लिहीत: या, का, नी, पी, लो. राशीची किंमत सांपडल्यावर ती तिच्या जागीं ठेवण्याच्या क्रियेला तेथें ‘उत्थापन’ असें नांव आहे. आज स्क्रॅचमध्यें चलांचे ठोकळे नारिंगी रंगाचे असतात. रंगांचीं नांवें देण्यामागें भास्कराचार्यांचा हेतु निराळा असेल. पण दोन्हींकडे लाभ एकच आहे. हें अक्षर वाक्यांतला साधा शब्द नव्हे, कशाच्या तरी ऐवजीं उभें केलेलें नांव आहे, हें पाहतांक्षणीं कळतें.

नातीच्या प्रणालींत नेमकी हीच खूण एके ठिकाणीं नाहींशी झाली होती. सूचना लिहिण्यासाठीं तेथें एक कोरी चौकट होती. तींत वाक्य लिहावें, आणि वाक्यांत ज्या चलाचें नांव असेल त्या नांवाच्या जागीं यंत्रानें मोल ठेवावें, अशी सोय. नातीनें लिहिलें, ‘पुढील स्थानक थांबा’. चौकटींत सारीच अक्षरें काळीं. कोणता शब्द नांव म्हणून आला आणि कोणता नुसता शब्द म्हणून आला, हें ओळखण्यास यंत्राला कांहींच साधन नाहीं. मग यंत्र करीत होतें काय? तें चलांची यादी घेई आणि एकेक नांव वाक्यांत शोधीत जाई. प्रथम ‘थांबा’ शोधलें आणि त्याच्या जागीं ‘दिवा’ ठेवलें. वाक्य झालें ‘पुढील स्थानक दिवा’. येथें थांबावें, तर यादींतलें दुसरें नांव उरलेंच होतें, आणि तें नांव होतें ‘दिवा’. यंत्रानें वाक्य चाळलें, त्यांत ‘दिवा’ सांपडलें, आणि त्याच्या जागीं सिग्नलचें मोल ठेवलें. गांवाचें नांव सिग्नलच्या डब्याचें नांव समजून पुसलें गेलें. कळवा आणि मुंब्रा ह्या नांवांचा डबा फळीवर नव्हता, म्हणून तीं सुखरूप राहिलीं.

हें आम्हांला एकदम कळलें नाहीं. वैद्य जसा एका वेळीं एकच पथ्य बदलून पाहतो, तसें आम्हीं केलें. प्रथम सिग्नल हिरवा केला. सूचना उमटली, ‘पुढील स्थानक हिरवा.’ म्हणजे चोर सिग्नलच्या डब्यांतून येत होता. मग त्या डब्याचें नांव बदलून ‘बत्ती’ ठेवलें. दुसरें कांहींहि हलविलें नाहीं. सूचना बरोबर उमटली. पुन्हां ‘दिवा’ हें नांव दिलें, पुन्हां बिघडली. अखेर नातीलाच एक युक्ति सुचली. तिनें दोन्ही चल पुसून उलट्या क्रमानें केले, आधीं ‘दिवा’ आणि मग ‘थांबा’. नांव तेंच, वाक्य तेंच, आणि सूचना बिनचूक! कारण आतां यंत्र ‘दिवा’ आधीं शोधी. तेव्हां तो शब्द वाक्यांत आलेलाच नसे. ज्या मुलानें डबे ह्या क्रमानें केले असतील, त्याला हा दोष कधींच दिसला नसता. माझी नात मात्र दोन संध्याकाळीं प्रामाणिकपणें तोच क्रम गिरवीत होती, आणि प्रत्येक वेळीं स्वतःलाच दोष देत होती.

हाच दोष बीजगणिताच्या वहींतहि होतो. क्ष अधिक २य ह्या पदावलींत क्ष च्या जागीं य आणि य च्या जागीं क्ष ठेवावयाचा आहे. उत्तर य अधिक २क्ष असें यावयास पाहिजे. पण जो विद्यार्थी आधीं क्ष च्या जागीं य ठेवतो, त्याला मिळतें य अधिक २य. आणि मग सगळ्या य च्या जागीं क्ष ठेवला कीं हातीं येतात ३क्ष. दोन राशी होत्या, एक नाहींशी झाली. अशा उत्तरावर मीं अनेकदां तांबडी फुली मारली आहे. मुलगा कोणत्या पायरीवर घसरला, तें क्वचितच विचारलें. प्रत्येक पायरी त्यानें बरोबर केली होती. चुकलें होतें एवढेंच, कीं जागा सर्व एकदम बदलावयाच्या, त्या त्यानें एकामागून एक बदलल्या, आणि नुकता आलेला पाहुणाहि घरचाच समजून पुन्हां बाहेर काढला.

ह्यावर उपाय तीन आहेत, आणि ते तिन्ही मिळूनच पुरे पडतात.

पहिला, नांवाला खूण असावी. पुष्कळ प्रणालींत नांव महिरपी कंसांत लिहितात. ‘पुढील स्थानक’ असें लिहून महिरपी कंसांत ‘थांबा’ लिहिलें, कीं कंसांतलें तेवढें नांव आणि बाहेरचें सारें साधें वाक्य. स्क्रॅचमध्यें याहून सोपी तोड आहे. तेथें शब्द आणि चल जोडण्याचा वेगळा ठोकळा असतो, आणि त्याच्या खांचेंत चलाचा नारिंगी ठोकळा स्वतःच्या हातानें उचलून ठेवावा लागतो. अक्षरांतून नांव हुडकून काढण्याचा प्रसंगच यंत्रावर येत नाहीं. तेथें मुलांची चूक होते ती उलट प्रकारची. ठोकळा ठेवण्याऐवजीं खांचेंत ‘गुण’ असें अक्षरांनीं लिहिलें, तर गुणांचा आंकडा न येतां ‘गुण’ हा शब्दच उमटतो.

दुसरा उपाय, नांव पुरें जुळावें. ‘गाडी’ आणि ‘गाडीवेळ’ असे दोन चल असले आणि यंत्र नुसत्या अक्षरांचा शोध घेऊं लागलें, तर ‘गाडीवेळ’ मधल्या ‘गाडी’ वरच तें झडप घालतें, व ‘वेळ’ हें शेपूट मागें लोंबत राहतें.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय, वाक्य एकदांच चाळावें. डावीकडून उजवीकडे वाचीत जावें, नांव आलें कीं मोल ठेवावें, आणि ठेवलेल्या मोलाकडे पुन्हां नांव म्हणून पाहूं नये. डब्यांतून जें बाहेर आलें तें जिन्नस आहे. त्यावर पुन्हां चिठ्ठी शोधावयाची नाहीं.

एका मुलीच्या खेळांत गांवाचें नांव बदललें, तर हंसून सोडून देतां येईल. पण हा तिसरा नियम मोडल्यानें साऱ्या जगाची झोंप उडाल्याचें उदाहरण फार जुनें नाहीं. मोठमोठे संगणक आपल्या कामाची रोजकीर्द ठेवतात: अमुक वेळीं अमुक आला, त्यानें अमुक लिहिलें. ही रोजकीर्द लिहिण्यासाठीं ‘लॉग४जे’ नांवाचें एक तयार साधन असंख्य ठिकाणीं वापरलें जातें. तें अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ह्या संस्थेंतील स्वयंसेवक सांभाळतात. त्यांत नांवांच्या जागीं मोल ठेवण्याची सोय होती, आणि नांवाला खूणहि होती. परंतु तें साधन ती खूण केवळ आपल्या सांच्यांतच नव्हे, तर बाहेरच्या माणसानें लिहून पाठविलेल्या मजकुरांतहि शोधी. शिवाय कांहीं खुणांचा अर्थ असा होता, कीं दूरच्या संगणकाशीं संधान बांधून तेथून मोल आणावें. आणि त्या वाटेनें परक्याची आज्ञावली घरांत येऊन चालूं शके. म्हणजे पाहुण्यानें वहींत आपलें नांव लिहावें, आणि तें नांव वाचतांच कारकुनानें तिजोरी उघडावी, असा प्रकार. २०२१ च्या डिसेंबरांत हें छिद्र जगजाहीर झालें. अशा दोषांची तीव्रता दहापैकीं गुणांनीं मोजतात. ह्याला दहापैकीं दहा मिळाले. घाईनें केलेली पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि पुढच्या आवृत्तींत मजकुरांतील खुणा शोधण्याची ती सोयच काढून टाकावी लागली. दिव्याचा ‘तांबडा’ होणें आणि परक्यानें संगणकाचा ताबा घेणें, ह्या दोहोंचें मूळ एकच. जें मोल म्हणून आलें, तें यंत्रानें नांव म्हणून वाचलें.

आतां आपल्या भाषेपुरती एक अडचण सांगतों. ती इंग्रजीत प्रणाली रचणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. समजा, यंत्र निर्दोष आहे, खूणहि आहे, आणि सांचा असा आहे, कीं ‘ही गाडी’, मग चलाची जागा, आणि तिला चिकटून ‘ला थांबेल’. जागेंत कल्याण आलें तर ‘कल्याणला’ हें ठीक आहे. पण दिवा आलें तर ‘दिवाला’, कळवा आलें तर ‘कळवाला’, मुंब्रा आलें तर ‘मुंब्राला’. मराठी माणूस म्हणेल ‘दिव्याला’, ‘कळव्याला’, ‘मुंब्र्याला’. इंग्रजींत नामाचें रूप पालटत नाहीं, शेजारीं एक शब्दयोगी शब्द ठेवला कीं भागतें. मराठींत प्रत्यय लागण्यापूर्वीं नामाचें सामान्यरूप होतें. म्हणून नांवाच्या जागीं मोल जसेंच्या तसें ठेवून चालत नाहीं. जागेप्रमाणें त्याला वांकावें लागतें. लोकलगाडींतील सूचना आठवून पाहा. ‘पुढील स्टेशन’ असें म्हणून मग गांवाचें नांव एकटें येतें, प्रत्ययाशिवाय. ह्या रचनेंत कोणतेंहि नांव बसवा, तें बिघडत नाहीं. नातीनेंहि नकळत तीच रचना उचलली होती. हा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें हाताळला आहे. पाणिनीच्या व्याकरणांत ज्याच्या जागीं बदल व्हावयाचा त्याला ‘स्थानी’ आणि जो त्या जागीं येतो त्याला ‘आदेश’ म्हणतात. आणि आदेशाला स्थानीचे गुणधर्म कोठें लागूं करावे व कोठें करूं नयेत, ह्याचा तेथें निर्णय केलेला आहे. जागा बदलणें हें नुसतें खोडणें आणि लिहिणें नव्हे, हें त्यांनीं जाणलें होतें.

आमच्या घरच्या भानगडीचा शेवट असा झाला. नातीनें सिग्नलच्या डब्याला ‘बत्ती’ हेंच नांव कायम केलें आणि स्थानक वेळेवर प्रदर्शनांत मांडलें. परंतु नांव बदलल्यानें खेळ सुधारला, यंत्र सुधारलें नाहीं. उद्यां दुसऱ्या कोणा मुलाचा दिवा असाच तांबडा व्हावयाचा. म्हणून मीं तिला प्रणालीच्या कर्त्यांना पत्र लिहावयास सांगितलें. ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहूं नको, असें बजावलें. चार गोष्टी लिही: काय केलेंस, काय व्हावयास पाहिजे होतें, काय झालें, आणि काय बदलल्यावर तें थांबलें. तिनें चार वाक्यांत चारहि गोष्टी लिहिल्या, डबे करण्याच्या क्रमासकट. ज्याच्या घरांत अशी यंत्रें आहेत, त्यानें तक्रार कशी लिहावी तें ह्यावरून कळेल. अशा पत्रावरून दोष शोधणाऱ्याचे कित्येक तास वांचतात.

पत्र पाठविल्यावर आणखी एक काम माझ्याकडे राहिलें होतें. मीं तिला म्हटलें, ‘तुझें कांहीं चुकलें नव्हतें. न पाहतां बोललों, तें माझें चुकलें.’ ती म्हणाली, ‘पण आजोबा, यंत्र चुकत नाहीं, असें तुम्हीच म्हणालां होतां ना?’ मी म्हणालों, ‘यंत्र सांगितलें तेंच करतें. पण त्याला सांगणारीं माणसें असतात, आणि माणसें चुकतात.’ घरांत एखादें मूल ‘माझें कोठें चुकतें तें कळत नाहीं’ असें म्हणत आलें, तर उत्तर देण्यापूर्वीं चष्मा लावून त्याच्या शेजारीं बसावें, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.